माखिला : राष्ट्राध्यक्षांना भेट जाणारी मेंढक्याची काठी

रिकामा_भटक्या

मंडळी, गेल्या महिन्यात दोन दिवस बास्क मुलुखात, म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या प्रदेशात काढले. नोकरी तुलूजला, तिथून गाडीनं तीनेक तासांवर बायोन. सगळे समुद्राकडे वळतात, २०१९ ची जी-७ परिषद झाली त्या बियारित्सला. आम्ही उलट्या बाजूला, डोंगराकडे वळलो. एस्पलेत नावाचं एक गाव आहे, तिथं घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत टाकलेल्या असतात. ते बघायला म्हणून निघालो आणि वाटेत लार्रेसोरला अडकलो.

लार्रेसोरला काठ्या करतात. आँसियार-बेर्गारा हे घराणं फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीपासून हेच काम करतंय. काठीचं नाव माखिला (स्पेनच्या बाजूचे बास्क 'मकिला' म्हणतात). मेंढरांमागे, बाजाराला, यात्रेला जाताना हातात असायची ती ही काठी. आता ती पाहुण्यांचा मान करायची वस्तू झाली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांना मिळाली, पोप दुसरे जॉन पॉल यांना मिळाली. मला वाटलं, म्हणजे आपल्याकडं शाल-श्रीफळ असतं तसलं काहीतरी असणार. पण ती तयार कशी होते हे ऐकलं आणि तासभर तिथून हललो नाही.

लाकूड मेडलरचं. सफरचंदाच्या गोतातलं झाड, रानात वाढतं, फांद्या चिवट. कारागीर वसंतात रानात जातो आणि जिवंत, उभ्या फांदीवर सालीतून नक्षीच्या चिरा देतो. फांदी कापत नाही, नुसती जखम करून परत येतो. उन्हाळाभर झाड ती जखम भरून काढतं आणि तिथं उंचवटे उठतात, माराचे वळ उठावेत तसे. हिवाळ्यात रस उतरला की फांदी कापायची, भट्टीत गरम करून साल सोलायची, ऊब देऊन सरळ करायची आणि मग कित्येक वर्षं नुसती वाळत ठेवायची. रंगाला चुना वापरतात. काठीवरची नक्षी कोरल्यासारखी दिसते, पण ती कोरलेली नाही, झाडानं स्वतः भरून काढलेली आहे. हात फिरवला की कळतं.

नंतरचं काम धातूचं आणि चामड्याचं. खाली शेंबी, वर वादी विणून केलेली मूठ, मुठीच्या टोकाला शिंगाचं बोंड. मानाची काठी असेल तर सगळी मूठ चांदीची किंवा पांढऱ्या धातूची. मूठ फिरवून काढली की आत बैल हाकायच्या पराणीला असते तशी अणकुचीदार आर! लांडगा, चोर, अंगावर येणारं कुत्रं, जे समोर येईल त्याच्यासाठी.

काठी घेणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लांबी ठरते. धातूवर त्याचं नाव, वर्ष आणि बास्क भाषेतलं एक वचन कोरतात. वचन ज्यानं त्यानं निवडायचं. एक फार चालतं : 'हित्सा हित्स'. शब्द म्हणजे शब्द.

मला राहून राहून वाटतं ते असं, की ही भेट ज्याला मिळते त्याचं नाव ठरायच्या कितीतरी वर्षं आधी कुणीतरी रानात जाऊन त्याच्यासाठी झाडाला चीर दिलेली असते. अशा भेटीपुढे विमानतळावर विकत घेतलेला ताजमहाल फारच केविलवाणा.

आता स्वार्थ सांगतो. बाबांना पंच्याहत्तरीला अशी एक काठी द्यावी असं डोक्यात आहे. वचन मराठीत कोरून हवंय. काय कोरू? चार शब्दांच्या वर जागा नाही.

---

खवचट_काका

काठीच्या आत आर म्हणजे आपली गुप्तीच की हो! राष्ट्राध्यक्षाला गुप्ती भेट द्यायची आणि वर 'शब्द म्हणजे शब्द' लिहायचं. 'शब्द पाळला नाहीस तर मूठ फिरव' असा मथितार्थ दिसतोय. मुत्सद्देगिरी याला म्हणतात. आमच्याकडे मिरचीसुद्धा हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून.

बाबांसाठी वचन : 'पेन्शन म्हणजे पेन्शन'.

---

शंकासुर

लेख आवडला, पण 'मेंढक्याची काठी' हे जरा जपून. बास्क भाषेत 'मकिला' म्हणजे फक्त काठी. मूळ लॅटिन 'बाकिलुम', म्हणजेही काठीच. 'बॅसिलस' जिवाणूचं नाव त्याच मुळातून आलं, कारण तो काठीसारखा दिसतो. ही काठी मेंढपाळ घ्यायचा, तसाच शेतकरीही घ्यायचा आणि बाजारातला व्यापारीही. चांदीची मूठ कुठल्या मेंढक्याला परवडली असणार? हातात काठी घेऊन मेंढरांमागे जाणारा बास्क हे चित्र नंतर लोकप्रिय झालं, कारण शहरातल्या माणसाला ते बघायला आवडतं.

दुसरं. स्पेनमधल्या बास्क स्वायत्त प्रदेशाचा प्रमुख, ज्याला लेहेन्दाकारी म्हणतात, तो गेर्निका गावातल्या ओक झाडाखाली शपथ घेतो आणि त्या वेळी त्याला मकिला दिली जाते. पहिली शपथ ७ ऑक्टोबर १९३६ ला आगिर्रे यांनी घेतली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच गेर्निकावर बॉम्ब पडले. म्हणजे ही काठी निव्वळ मेंढरं हाकायची नाही, दंड आहे, राजदंडातला दंड. भेटवस्तू म्हणून तिला वजन येतं ते इथून.

---

रिकामा_भटक्या

@शंकासुर, मान्य. 'फक्त मेंढक्याची' असं मी म्हणायला नको होतं. चांदीची मूठ मिरवायचीच. पण वादीची मूठ आणि आतली आर मिरवण्यासाठी नसते ना! डोंगरात रात्र काढणाऱ्याची ती गरज. एकाच काठीचे दोन अवतार म्हणू.

@काका, बाबांना तुमचं वचन वाचून दाखवलं. ते हसले, आई हसली नाही.

---

माणदेशी

मी सहसा वाचनमात्र असतो. पण काठीचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

आमच्या घरात माझ्या वडलांपर्यंत मेंढरं होती. आजा दिवाळीनंतर वाडा (म्हणजे मेंढरं नि फिरतं बिऱ्हाड) घेऊन निघायचा. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या गावाला जायचं. आज्याची काठी मेसाची, म्हणजे भरीव वेळूची. अवसेला तोडलेला वेळू, कारण इतर दिवशी तोडला तर भुंगा लागतो असं तो म्हणायचा. काठी जाळावर शेकून सरळ करायची, मग करडीचं तेल पाजायचं. तेल 'लावायचं' नाही, पाजायचं. वर्षभर पाजत राहिलं की ती काळपट लाल होते आणि हातात बसते.

त्या काठीचे उपयोग सांगू का? एका पायावर उभं राहून हनुवटी टेकवायला. ओढ्याचं पाणी किती खोल ते बघायला. कोकरू अडकलं तर काढायला. रात्री वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) लावताना खुंटीगत. भांडणात. नि आजा मेल्यावर त्याच्या उशाशी ठेवायला. मेंढरं हाकायला तिचा उपयोग सगळ्यात कमी. मेंढरं तोंडानं हाकतात, काठीनं नाही. काठीनं हाकणाऱ्याला आमच्यात नवशिका समजतात.

आता तुमच्या भेटीबद्दल. आमच्याकडेही कुणी मोठा माणूस आला की घोंगडी, काठी नि पिवळा फेटा देऊन सत्कार करतात. काठी बाजारातून आणलेली, वरून व्हार्निश, गोंडे लावलेले. फोटो निघतो. नंतर ती काठी गाडीच्या डिकीत. घोंगडीसुद्धा कधी कधी गिरणीची असते. सणगरानं हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली खरी घोंगडी अंगाला टोचते, ती पाहुण्याच्या खांद्यावर कोण टाकणार!

ज्याच्या हातातली काठी मानाची म्हणून देता, त्याला चराईला जागा आहे का, हे कुणी विचारत नाही. आमचे नातेवाईक अजून वाटेवर आहेत. दरवर्षी वाट अरुंद होतेय. पूर्वी जिथं वाडा पडायचा तिथं आता कुंपण आहे. तुमच्या त्या फ्रान्सच्या गावात मेंढरं राहिलीत का नुसत्या काठ्या?

वचनाबद्दल मला काही सुचत नाही. आज्याच्या काठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. वरच्या टोकाला दातानं चावल्याच्या खुणा होत्या, त्याच्या.

---

खवचट_काका

@माणदेशी, टोपी काढली. वाचनमात्र राहू नका हो.

---

रिकामा_भटक्या

@माणदेशी, मेंढरं आहेत. त्यांच्या दुधाचं चीज तिथं जागोजाग विकायला असतं, उन्हाळ्यात कळप वर डोंगरात नेतात. पण तुमचा प्रश्न मला तिथं उभा असताना पडला नव्हता, हे कबूल करतो.

'तेल पाजणे' हा शब्द मी आजवर फक्त नातवंडांच्या डोक्याबाबत ऐकला होता.

---

सिएराकाठ

माणदेशी यांच्या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत आहे. मी नेवाडात राहते, म्हणून सांगू शकते.

रेगनना माखिला का मिळाली, हे बास्क मुलुखात बसून कळणार नाही. त्यासाठी इकडं यावं लागेल. १८४९ च्या सोन्याच्या धांदलीत बास्क लोक कॅलिफोर्नियात आले, बरेचसे अर्जेंटिनामार्गे. सोनं थोड्यांनाच मिळालं, बाकीच्यांनी मेंढरं धरली. पुढची शंभर वर्षं पश्चिम अमेरिकेत 'बास्क' म्हणजे मेंढपाळ असं समीकरण झालं. त्यांच्यातल्याच एका मेंढपाळाचा मुलगा पॉल लॅक्सॉल्ट. तो नेवाडाचा गव्हर्नर झाला, तेव्हाच शेजारच्या कॅलिफोर्नियात गव्हर्नर होते रेगन. दोघांची दाट मैत्री जमली. पुढं लॅक्सॉल्ट सिनेटर झाला, रेगन राष्ट्राध्यक्ष. बास्कांच्या लेखी रेगन आपल्या पोराचा दोस्त होता. काठी मिळणारच.

आता चराई. सुरुवातीचे बास्क मेंढके स्वतःच्या जमिनीशिवाय फिरायचे. सरकारी मोकळ्या रानात जिथं गवत तिथं कळप. जमीनवाले गुरंमालक त्यांना शिव्या द्यायचे. १९३४ साली टेलर ग्रेझिंग ॲक्ट आला. चराईसाठी परवाना हवा आणि परवान्यासाठी स्वतःची जमीन हवी. बिनजमिनीचा मेंढका एका कायद्यात संपला. नंतर मजेशीर गंमत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मेंढपाळच मिळेनात, म्हणून नेवाडाचेच सिनेटर मॅक्कॅरन यांनी खास कायदे करवून युरोपातून बास्क मेंढके आणवले! आज तेही राहिले नाहीत. डोंगरात आता बहुतेक पेरूतून हंगामी व्हिसावर आलेली माणसं आहेत. बास्कांची मुलं वकील, महापौर झाली. रेनोजवळ १९८९ पासून बास्क मेंढपाळाचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे.

म्हणजे क्रम असा दिसतो : आधी वाट बंद होते, मग पुतळा उभा राहतो.

अजून एक सांगते, कारण धागाकर्त्यानं झाडाच्या जखमेबद्दल लिहिलंय. इथल्या सिएरा नेवाडा डोंगरांत ॲस्पेनची पांढऱ्या सालीची झाडं आहेत. एकटे मेंढके त्यांच्यावर चाकूच्या टोकानं नाव, गाव, वर्ष कोरायचे. कधी बाईचं चित्र, कधी मालकाला शिवी. चीर इतकी बारीक द्यायची की त्या दिवशी जेमतेम दिसावी. खोल दिली तर झाडाला बाधते आणि अक्षर फाकतं. मग वर्षानुवर्षं साल ती जखम भरत जाते, काळा व्रण रुंदावतो आणि अक्षर वाचता येऊ लागतं. कोरणारा तोवर दुसऱ्या डोंगरात गेलेला. हे माखिलाचंच तंत्र नव्हे का? हात जुनाच, फक्त झाड आणि देश बदलला. ॲस्पेन साधारण शंभर वर्षं जगतं, त्यामुळे जुनी झाडं आता कोसळत आहेत आणि अक्षरंही त्यांच्याबरोबर चालली आहेत. अभ्यासक कागदावर ठसे घेत फिरतात.

मी एकदा एक पाहिलं होतं. फक्त नाव आणि १९२७.

---

रिकामा_भटक्या

@सिएराकाठ, हा प्रतिसाद माझ्या धाग्यापेक्षा मोठा झालाय, आणि चांगलाही. आधी वाट बंद, मग पुतळा... माणदेशी वाचताय ना?

---

माणदेशी

वाचतोय. शंभर वर्षांपूर्वी नेवाडात जे झालं ते आमच्याकडं आता चाललंय. झाडावर नाव लिहायची पद्धत आमच्यात नाही. आमची वाट गावांना तोंडपाठ असते, तेवढीच आमची नोंद.

---

भाषावेडी

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

बास्क भाषेला जगात कुणी नातेवाईक नाही. तरी मराठी माणसाला तिच्यात एक ओळखीची जागा सापडते. 'गिसोनाक मकिला मोस्तू दू' म्हणजे 'माणसानं काठी कापली'. त्या 'गिसोनाक'मधला शेवटचा 'क' आणि आपल्या 'माणसानं'मधला 'नं' एकच काम करतात : करणारा कोण ते दाखवायचं. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्यांना हे शिकताना घाम फुटतो. आपण भूतकाळात हे रोज करतो. फरक इतकाच की ते वर्तमानकाळातही करतात.

आकडे तर अजून जवळचे. त्यांचे साठ म्हणजे 'हिरुरोगेइ', तीन विसा. ऐंशी म्हणजे 'लाउरोगेइ', चार विसा.

---

माणदेशी

आजा मेंढरं विसानंच मोजायचा. पाच विसा नि सात, अशी. शंभर हा शब्द तो फक्त पैशाला वापरायचा.

---

गोंयचो_वारो

बास्क माणूस आमच्याकडे पावणेपाचशे वर्षांहून जास्त मुक्कामाला आहे आणि तुम्ही नेवाडापर्यंत गेलात! सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ साली नवारमधल्या (आज उत्तर स्पेनमध्ये) हाविएरच्या किल्ल्यात जन्मला, ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. त्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे. हाविएर हे गावाचं नाव मूळ बास्क 'एचेबेर्री'. एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं. म्हणजे झेवियर म्हणजे चक्क नवघर. मुंबईकरांनी आपल्या कॉलेजकडे जरा या नजरेनं बघावं.

तो काठी घेऊन आला होता की नाही यावर मी भाष्य करत नाही. देव बरें करूं.

---

खवचट_काका

म्हणजे आमच्या मेव्हण्यानं 'नवघर कॉलेजा'त तीन वर्षं काढली आणि आम्हाला कायम तोरा दाखवला. धन्यवाद, आज जेवण गोड लागेल.

---

शंकासुर

मूळ मुद्द्यावर येऊ. राष्ट्रप्रमुखांना दिलेल्या भेटीचं पुढं काय होतं? आपल्याकडे परराष्ट्र खात्याचा तोशाखाना आहे, किमती भेटी तिथं जमा होतात. अमेरिकेतही परदेशी सरकारकडून आलेली मौल्यवान भेट देशाची ठरते, राष्ट्राध्यक्षाची नव्हे. म्हणजे उंची मोजून, नाव कोरून, झाडाला वर्षानुवर्षं वेळ देऊन केलेली काठी अशा वाटेनं गेली तर शेवटी काचेच्या पेटीत जाणार. माणदेशींच्या गाडीच्या डिकीत आणि त्या पेटीत काय फरक? दोन्हीकडे काठी टेकत कुणी चाललेलं नाही.

म्हणून मला धागाकर्त्याची कल्पना राष्ट्राध्यक्षांपेक्षा बरी वाटते. बाबा निदान चालतील तरी.

एक व्यावहारिक सूचना : आपल्या शस्त्र नियमांत गुप्तीची नोंद आहे. आर असलेली काठी केबिनमध्ये नेता येणार नाही हे उघड आहे, पण चेक-इन सामानातून आणली तरी इकडं कस्टमवाल्याला समजावत बसावं लागेल. विचारून ठेवा.

---

सिएराकाठ

आरीशिवाय करून देतात का ते आधी विचार. आणि सांभाळून, मेडलर म्हणून भारतात लोकाट दाखवतील. फ्रेंच लोक लोकाटला 'जपानी मेडलर' म्हणतात, त्यावरून गोंधळ होतो. ते झाड वेगळं.

---

रिकामा_भटक्या

सगळ्यांचे आभार. बाबांना तीन दिवस धागा वाचून दाखवतोय. वचनांच्या शर्यतीत आत्तापर्यंत 'शब्द म्हणजे शब्द' पुढं आहे, 'जपून' दुसरं (आईकडून), 'पेन्शन'ला एकच मत (काका स्वतः). बाबांनी मात्र माणदेशींचा पहिला प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, काही लिहू नकोस, नुसतं वर्ष घाल. वर्ष कुठलं, असं विचारलं. काठी केली ते वर्ष नको म्हणाले. झाडाला चीर दिली ते वर्ष घाल.

लार्रेसोरला हे विचारायला फोन करणार आहे. त्यांच्याकडे फांदीगणिक नोंद असली तर उत्तम.

आता उंची पाठवायची आहे. बाबा म्हणतात ५ फूट ७ इंच. आईनं काल रात्री त्यांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीनं खूण केली. ५ फूट ५ भरले. बाबा म्हणतात चौकट वाकडी आहे. आज पुन्हा मोजणार आहेत, मी व्हिडिओ कॉलवर पंच.